सिरियल केली की नाटक संपतं का? फेलिसिटी केंडलचं उदाहरण घेऊन सांगते

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकची एक मुलगी सहा वर्षं प्रायोगिक नाटकं करतेय, आता तिला एका विनोदी सिरियलची ऑफर आलीय, आणि तिचे सर म्हणतात टीव्हीवर गेलीस की स्टेजवरून गेलीस असं समज. तिने ‘द गुड लाइफ’ नावाच्या जुन्या ब्रिटिश मालिकेच्या क्लिप्स बघितल्यात, त्यातली फेलिसिटी केंडल तिला फारच आवडली, आणि ही बाई शशी कपूरची मेहुणी आहे हे कळल्यावर तर उडालीच. तर तिचं विचारणं असं की ताई, हिचं करिअर नेमकं झालं कसं, टीव्हीने हिचं नाटक खाल्लं का?

अगं, उत्तर आधी सांगून टाकते, मग पाल्हाळ लावते. नाही खाल्लं. पण ती फार मोठी कलावंत होती म्हणून ती वाचली असं म्हणून मोकळं होऊ नकोस, कारण बरंचसं कारण तिकडच्या कामाच्या पद्धतीत आहे, आणि उरलेलं तिच्या लहानपणात, आणि ते लहानपण आपल्या देशात गेलंय. मी पस्तीस वर्षं नाटकात आहे, त्यातली पंधरा शिकवण्यात, मधे पोटासाठी दोन सिरियली पण केल्यात, त्यामुळे दोन्हीकडचं बघून बोलतेय.

जन्म २५ सप्टेंबर १९४६, इंग्लंडमधे बर्मिंगहॅमजवळच्या ऑल्टनला. वडील जेफ्री केंडल, आई लॉरा लिडेल, दोघंही नट. वडिलांचं मूळ आडनाव ब्रॅग, केंडल हे त्यांच्या जन्मगावाचं नाव, तेच त्यांनी स्टेजसाठी लावलं, म्हणजे आपल्याकडे कुणी सांगलीकर म्हणून मिरवावं तसं. पोरगी नऊ महिन्यांची असताना शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधे तिला उचलून स्टेजवर नेली. त्या नाटकात परीराजा आणि राणी एका लहान मुलावरून भांडत असतात, तो मुलगा म्हणून. आणि गंमत बघ, नाटकात तो मुलगा हिंदुस्थानातल्या राजाचा असतो. म्हणजे बाईंची पहिली भूमिकाच भारतीय, तेव्हा दातसुद्धा आले असतील नसतील.

मग ती सातेक वर्षांची असताना सगळं कुटुंब भारतात आलं. केंडल मंडळींची ‘शेक्सपिअराना’ नावाची फिरती कंपनी होती, शेक्सपिअर, बर्नार्ड शॉ वगैरे घेऊन गावोगाव हिंडायची, शाळांचे हॉल, कॉलेजं, संस्थानिकांचे राजवाडे, जिथे बोलावतील तिथे. ट्रंका, कपडे, रेल्वेचा प्रवास, आज या गावात ‘हॅम्लेट’ उद्या त्या गावात ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांचं बिऱ्हाड कसं असायचं त्याच्या गोष्टी तू ऐकल्या असशील, ज्याचा आज राजाचा पार्ट तोच सकाळी सामान मोजतोय, तसंच हे होतं, फक्त भाषा इंग्रजी. शिक्षण कॉन्व्हेंटांमधून, पण एका जागी धड टिकून नाही कारण कंपनी हलली की पोरगी हलली. घरातच कंपनी असल्यामुळे आधी छोट्या मुलांचे पार्ट, मग ‘मिडसमर’मधला खोडकर पक, मग ‘हॅम्लेट’मधली ऑफेलिया, ‘ट्वेल्थ नाइट’मधली व्हायोला असं वय वाढेल तसं वर सरकत गेली. कुठल्या ड्रामा स्कूलमधे ती गेलीच नाही.

इथे जरा थांबते, कारण मला वाटतं तिच्या पुढच्या सगळ्या करिअरची चावी इथे आहे. विचार कर, समोर तीनचारशे शाळकरी पोरं, ज्यांना शेक्सपिअरची इंग्रजी निम्मी कळतेय, माइक नाही, पंखे घरघरतायत. तिथे वाक्याचा अर्थ पोचवायचा तर आवाजाला दिशा लागते, शब्दाचा शेवट खाऊन चालत नाही, आणि अंगाने सांगावं लागतं. मी माझ्या मुलांना ग्रामीण भागात प्रयोगाला नेते ते याचसाठी. शहरातला दर्दी प्रेक्षक तुझं निम्मं काम स्वतः करून टाकतो आणि तुला वाटत राहतं आपण पोचलो.

शशी कपूरचं थोडक्यात. फेलिसिटीची मोठी बहीण जेनिफर, तीही याच कंपनीत. शशी कपूर वडिलांच्या, म्हणजे पृथ्वीराजांच्या पृथ्वी थिएटर्समधे होता, कलकत्त्याला दोघांची गाठ पडली, तो केंडलांच्या कंपनीतही कामं करायला लागला, आणि १९५८ मधे लग्न झालं. पुढे १९७८ ला जुहूला पृथ्वी थिएटर उभं राहिलं ते शशी आणि जेनिफरमुळे, आणि तिथलं पहिलं नाटक होतं गो. पु. देशपांड्यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीतून, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरीला घेऊन. मराठी नाटककाराने पृथ्वीचा पडदा उघडला हे आपल्यातल्याही बऱ्याच लोकांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. जेनिफर १९८४ मधे कॅन्सरने गेली.

तर फेलिसिटी. अठराच्या आसपास होती तेव्हा जेम्स आयव्हरी आणि इस्माइल मर्चंट या दिग्दर्शक-निर्मात्याच्या जोडीने ‘शेक्सपिअर वाला’ काढला, १९६५ चा सिनेमा, संगीत सत्यजित राय यांचं. भारतात हिंडणारी एक इंग्रज नाटक कंपनी, हळूहळू लोक नाटकाकडून सिनेमाकडे वळतायत, आणि कंपनीतली मुलगी एका हिंदुस्थानी तरुणाच्या प्रेमात पडते. तरुण शशी कपूर, मुलगी फेलिसिटी, आणि सिनेमातले आईवडील तिचे खरे आईवडील. सिनेमातल्या त्या तरुणाच्या आयुष्यातल्या सिनेनटीचं काम मधुर जाफरीने केलं आणि बर्लिनला उत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस तिने नेलं. महाराजाच्या भूमिकेत उत्पल दत्त आहे, तोही एकेकाळी याच केंडल कंपनीत नट होता. सिनेमाच्या शेवटी मुलीला बोटीत बसवून इंग्लंडला पाठवतात, आणि थोड्याच काळात फेलिसिटी खरोखरच इंग्लंडला गेली.

आता तुला वाटेल असा सिनेमा हातात आणि लहानपणापासूनचा अनुभव, लंडनने डोक्यावर घेतली असेल. छे. भारतात शंभर गावांत व्हायोला केली म्हणून लंडनच्या एजंटला काय त्याचं. जन्म तिथला असला तरी तिथली ओळखपाळख शून्य. १९६६ ला बीबीसीच्या एका टीव्ही नाटकात जॉन गिलगुड या बड्या नटासमोर काम मिळालं, १९६७ ला वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक नाटकांच्या पेठेतल्या स्टेजवर पाय लागला, मग छोटीमोठी कामं, टीव्हीवरची एकेका भागाची कामं. अशी सातआठ वर्षं गेली. तू सहा वर्षं म्हणून रडतेस ना, म्हणून सांगितलं.

१९७४ ला अ‍ॅलन एकबोर्न या नाटककाराची ‘द नॉर्मन काँक्वेस्ट्स’ लंडनमधे आली. ही तीन नाटकं आहेत, एकाच घरातला एकच वीकएंड, एक नाटक जेवणाच्या खोलीत घडतं, दुसरं दिवाणखान्यात, तिसरं बागेत. म्हणजे एका नाटकात तू रागाने एक्झिट घेतलीस की दुसऱ्या नाटकात तीच एंट्री असते. सहा नट, त्यातली चार नावं ऐक, टॉम कोर्टनी, मायकेल गॅम्बन, पेनेलोपी कीथ, फेलिसिटी. तिचा पार्ट अ‍ॅनीचा, आजारी आईची सेवा करत घरात अडकलेली धाकटी बहीण, ढगळ स्वेटरमधली. विनोदी नाटकातलं हे सगळ्यात अवघड काम असतं, कारण हशे बाकीच्यांना आणि दुःख तुला, आणि तरी नाटक जड होऊ द्यायचं नाही.

हे नाटक रिचर्ड ब्रायर्स या विनोदी नटाने पाहिलं. त्याला मधे ठेवून बीबीसी एक नवीन मालिका करत होती, लेखक जॉन एझमंड आणि बॉब लार्बी, आणि त्यातल्या दोन्ही बायका, फेलिसिटी आणि पेनेलोपी कीथ, या एकाच नाटकातून उचलल्या गेल्या. तीच ‘द गुड लाइफ’. टीव्हीने तिला नाटकातून पळवलं म्हणतेस तर पळवलं ते असं, नाटकातल्या कामामुळेच.

गोष्ट साधी. टॉम गुड, म्हणजे ब्रायर्स, चाळीस वर्षांचा होतो, नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्ससारख्या सीरिअलच्या खोक्यातून फुकट मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांची डिझाइनं करायची नोकरी सोडतो, आणि लंडनच्या सर्बिटन या सभ्य उपनगरात बंगल्याच्या अंगणात भाजी, डुकरं, कोंबड्या, बकरी असा संसार मांडतो. बायको बार्बरा, म्हणजे आपली फेलिसिटी. शेजारी मार्गो आणि जेरी, मार्गो पेनेलोपी कीथ आणि जेरी पॉल एडिंग्टन, जो पुढे ‘येस मिनिस्टर’मधे मंत्री झाला, ज्याचं हिंदी रूप फारुख शेखने ‘जी मंत्रीजी’ म्हणून केलं.

बघताना ब्रायर्स आधी लक्षात येतो, तो धबधब्यासारखा बोलतो. मार्गो दुसरी, कारण तिला लेखकांनी वाक्यंच तशी दिलीत. बार्बराला काय आहे? ऐकणं. मी वर्गात आवाज बंद करून क्लिप लावते आणि पोरांना सांगते फक्त बार्बराकडे बघा. ती टॉमचं वाक्य संपायच्या आधी हसत नाही, नंतरही लगेच नाही, आधी तिच्या चेहऱ्यावर विचार येतो, मग ओठाचा कोपरा हलतो, मग ती बोलते, आणि तोपर्यंत प्रेक्षकांचा हशा वर जाऊन खाली यायला लागलेला असतो, त्या उतारावर तिचं वाक्य पडतं. हशा पूर्ण मरू दिला तर सीन थंड पडतो, आणि वर असतानाच बोललं तर वाक्य वाया. हे गणित कागदावर शिकवता येत नाही. आणि तिचा तो किंचित घोगरा आवाज, तो गोड दिसण्याला जमिनीवर ठेवतो, नुसती गोड असती तर दुसऱ्या भागात कंटाळा आला असता.

आता मुख्य मुद्दा, यासाठी एवढं लिहितेय. हा हशा खरा आहे. त्या काळातल्या बीबीसीच्या विनोदी मालिका स्टुडिओत जिवंत प्रेक्षक बसवून रेकॉर्ड व्हायच्या. साधारण आठवडाभर तालीम, त्यासाठी बीबीसीची अ‍ॅक्टनला वेगळी बिल्डिंगच होती, नट तिला थट्टेने अ‍ॅक्टन हिल्टन म्हणायचे, मोकळ्या हॉलमधे जमिनीवर रंगीत टेप लावून सेटच्या भिंती आखलेल्या. दिवसा तालीम, संध्याकाळी मोकळे, म्हणजे कुणाचं नाटक चालू असेल तर तो थिएटरवर पळू शकायचा. शेवटी स्टुडिओत कॅमेऱ्यांबरोबर तालीम आणि त्याच रात्री प्रेक्षकांसमोर अख्खा भाग क्रमाने. बागेतली, रस्त्यावरची दृश्यं आधीच फिल्मवर शूट केलेली असायची, ती प्रेक्षकांना मधेमधे मॉनिटरवर दाखवायची. म्हणजे हिशोब कर, आठवडाभर तालीम करून एक अर्ध्या तासाचा प्रयोग. ही एकांकिका झाली की गं, वर कॅमेरे लावलेले.

आणि दुसरा हिशोब. १९७५ ते १९७८ या काळात ‘द गुड लाइफ’चे एकूण भाग किती? तीस. सात-सात भागांचे चार सीझन, एक नाताळचा भाग, आणि एक शेवटचा खास भाग जो राणी एलिझाबेथ स्टुडिओत येऊन बसलेली असताना रेकॉर्ड केला. सगळे मिळून तीस भागांत ती त्या देशातली घराघरातली बाई झाली, आणि उरलेलं वर्ष नाटकाला मोकळं. आपल्याकडे डेलीसोप तीस भाग पाच-सहा आठवड्यांत संपवते. मी जी विनोदी सिरियल केली, चॅनलचं नाव नको, तिथे सकाळी सातला मेकअप आणि रात्री नऊला पॅकअप, स्क्रिप्टची पानं गरमगरम हातात यायची, प्रेक्षक कुठला तर एडिटिंगला टाकलेला रेडीमेड हशा. तीन महिन्यांनी मी एका प्रयोगाला उभी राहिले आणि पहिल्या हशानंतर थांबलेच नाही, सरळ पुढचं वाक्य टाकलं. विंगेतून माझ्या दिग्दर्शकाचा चेहरा दिसला. माझे कान गेले होते. तुझे सर ज्याला घाबरतायत ना ते हेच, पण त्यांनी दोष टीव्हीला दिला, मी त्या वेळापत्रकाला देईन.

एक भाग मिळाला तर बघ, चौथ्या सीझनचा शेवटचा. गुड मंडळींच्या घरात चोर शिरतात आणि सगळ्याची नासधूस करून जातात. इतक्या वर्षांची मेहनत जमिनीवर पसरलीय. स्टुडिओतला प्रेक्षक हसायला आलेला आहे आणि तो गप्प होतो. विनोदी नटीला हे करता आलं पाहिजे, दोन वर्षं ज्यांना हसवलं त्यांना एका मिनिटात गप्प करणं, आणि तरी पात्र तेच ठेवणं, अचानक गंभीर नाटकातली बाई बनून न दाखवणं.

आणि मधल्या मोकळ्या वेळात, पुढेही, तिने काय केलं ते बघ. १९७८ ला मायकेल फ्रेनचं ‘क्लाउड्स’. १९७९ ला लंडनच्या नॅशनल थिएटरमधे, मोत्सार्ट या संगीतकारावरच्या ‘अमेडिअस’चा पहिला प्रयोग, पॉल स्कोफील्ड सालिएरी, सायमन कॅलो मोत्सार्ट, आणि मोत्सार्टची बायको कॉन्स्टान्झ फेलिसिटी. पुढच्याच वर्षी तिथेच स्कोफील्डच्या ऑथेल्लोची डेस्डेमोना. म्हणजे सर्बिटनच्या चिखलात गमबूट घालून फिरणारी बार्बरा लोकांच्या डोळ्यासमोर ताजी असताना ही नॅशनलच्या मोठ्या स्टेजवर नवऱ्याच्या हातून गुदमरून मरतेय. तिकीट काढणाऱ्यांतले किती बार्बराला बघायला आले असतील? पुष्कळ असणार. आले तर आले. आपल्याकडेही सिरियलचा चेहरा पोस्टरवर असला की बुकिंग बदलतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यात लाज कसली. प्रश्न एवढाच की आलेल्या माणसाला पुढे तू काय देतेस.

पण पैशासारखी प्रसिद्धीची पण किंमत असते. १९८१ ला तिकडे तिला ‘रिअर ऑफ द इअर’ नावाचा किताब दिला, म्हणजे काय ते तू समजून घे, मला मराठीत लिहवत नाही. वर्तमानपत्रांना तीच बातमी. आणि त्याच वर्षी नॅशनलमधे ती टॉम स्टॉपर्ड या नाटककाराच्या ‘ऑन द रॅझल’मधे ख्रिस्तोफर नावाच्या दुकानातल्या उमेदवार पोऱ्याचं काम करत होती, चक्क मुलगा. मला हे फार आवडतं. तुमचं सगळं लक्ष जिकडे आहे तिकडे तुम्ही बघा, मी इकडे मुलगा होऊन उड्या मारतेय. तिने हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही, पण जमून आलं खरं.

टॉम स्टॉपर्डबद्दल लिहायलाच हवं कारण तिच्या नाटकातल्या करिअरचा कणा तोच. ‘ऑन द रॅझल’ झाल्यावर १९८२ ला ‘द रिअल थिंग’, तिथे ती परत अ‍ॅनी, म्हणजे एकबोर्नचीही अ‍ॅनी आणि स्टॉपर्डचीही अ‍ॅनी, पण ही अ‍ॅनी नटी आहे, नवरा सोडून नाटककाराशी लग्न करते आणि मग त्यालाही सुखाने झोपू देत नाही. १९८५ ला ‘जंपर्स’चं पुनरुज्जीवन, जेरीवाला पॉल एडिंग्टन सोबत. १९८८ ला ‘हॅपगुड’, त्यात ती हेरखात्याची बॉस, आणि नाटकात क्वांटम फिजिक्स, हो, खरंच. १९९३ ला ‘आर्केडिया’, पहिल्या संचातली हॅना जार्विस, दोनशे वर्षांपूर्वीच्या एका घराचा इतिहास उकरणारी अभ्यासक. स्टॉपर्डची वाक्यं लांब, कोट्यांवर कोट्या, आणि विचार वाक्याच्या शेवटच्या शब्दात लपवलेला. श्वास मधेच तुटला की विचारही तुटतो. शेक्सपिअरची पद्यातली लांब वाक्यं पोरवयापासून तोंडात असलेल्या बाईला हे जमलं यात मला काही आश्चर्य वाटत नाही, ज्याने लहानपणी नाट्यपदं घोटलीत त्याला पुढे गडकऱ्यांचं गद्य जड जात नाही तसंच.

१९८९ ला शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मधली बीअ‍ॅट्रिस आणि चेकॉव्हचं ‘इवानोव’, दोन्हीत अ‍ॅलन बेट्स बरोबर, आणि त्या दोन्ही कामांसाठी मिळून ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार. १९९५ ला सीबीई हा सरकारी किताब.

टीव्ही सोडला का, तर नाही. १९८१-८२ ला ‘सोलो’, १९८५ ते ८७ ‘द मिस्ट्रेस’, दोन्ही कार्ला लेनने लिहिलेल्या. ‘द मिस्ट्रेस’मधे ती लग्न झालेल्या माणसाच्या प्रेमात असलेली फुलवाली, आणि बऱ्याच लोकांना आपली बार्बरा ‘ती दुसरी’ झालेली पचली नाही. हे तुझ्याही वाट्याला येईल, तयारी ठेव. एका भूमिकेवर लोकांनी जीव लावला की ते त्या भूमिकेच्या वतीने तुझ्यावर रुसतात. तिने माघार घेतली नाही, दुसरा सीझनही केला. १९९२ ची ‘द कॅमोमाइल लॉन’ चांगली होती, पीटर हॉलने दिग्दर्शित केलेली. २००३ पासून ‘रोझमेरी अँड थाइम’, दोन माळीणबाई बागकाम करता करता खून उघडकीला आणतात, ठीक होती, पाऊस पडत असताना चहाबरोबर बघावी अशी, त्याहून जास्त मी बोलणार नाही.

पण त्याच २००३ ला, आणि हे नीट वाच, तिने सॅम्युएल बेकेटचं ‘हॅपी डेज’ केलं, लंडनच्या आर्ट्स थिएटरमधे, परत पीटर हॉल. त्यातली विनी पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीच्या ढिगात गाडलेली असते आणि दुसऱ्या अंकात गळ्यापर्यंत. जवळजवळ सगळं नाटक एकटीने बोलायचं. नटीची चाल गेली, मग हातही गेले, उरले डोळे, तोंड आणि आवाज. जिच्या दिसण्याबद्दल वर्तमानपत्रांनी वीस वर्षं रकाने भरले तिने अंगच काढून टाकलं. आणि विनी हे पात्र तरी काय, सकाळी उठून दात घासते, पर्समधल्या वस्तू काढते ठेवते, आणि आजचाही दिवस छान जाणार असं स्वतःला पटवत राहते. म्हणजे बार्बराच की, आनंदी राहायचं ठरवलेली बाई, फक्त आता चिखल गळ्यापर्यंत आलाय. हे माझं वाचन आहे, कुठल्या समीक्षकाचं नाही, पण मला वाटतं बार्बरा केली नसती तर ही विनी तिच्या हातून वेगळी झाली असती. टीव्हीने नाटक खाल्लं का याचं माझ्यापुरतं उत्तर इथे आहे.

मी तिला स्टेजवर एकदाच पाहिलंय. २०१५ ला भाचीकडे लंडनला गेले होते तेव्हा ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरला नोएल कावर्डचं ‘हे फीव्हर’ लागलं होतं. मी स्वस्तातलं तिकीट काढून सगळ्यात वर, नटांच्या टाळूच दिसाव्यात अशा जागी. ती ज्युडिथ ब्लिस, रिटायर झालेली नटी जी घरातही अभिनय थांबवू शकत नाही. तेव्हा बाई अडुसष्ट वर्षांच्या. एकही शब्द निसटला नाही, वाक्याचं शेवटचं अक्षर वरपर्यंत येत होतं. तिकडे आठवड्याला आठ प्रयोग असतात, सहा रात्री आणि त्यात दोन दिवस दुपारचाही. आपण शनिवार-रविवार दोन प्रयोग केले की सोमवारी गुळण्या करत बसतो. नंतर २०२१ ला ‘एनीथिंग गोज’ या संगीतिकेत, आणि २०२३ ला ‘नॉइजेस ऑफ’मधे डॉटी, ज्यात सार्डिन माशांच्या प्लेटा घेऊन आतबाहेर पळायचं असतं, ती शहात्तरीची असताना. त्या नाटकात पाय चुकला तर सगळ्या संचाचं टायमिंग कोसळतं, विचार कोणाही नटाला.

शेवटचं राहिलं ते ‘इंडियन इंक’. स्टॉपर्डने आधी १९९१ ला रेडिओसाठी लिहिलं, ‘इन द नेटिव्ह स्टेट’, तिला डोळ्यासमोर ठेवून. १९३० साली भारतात आलेली इंग्रज कवयित्री फ्लोरा क्रू, तिचं चित्र काढणारा नीरद दास, आणि पुढे कितीतरी वर्षांनी इंग्लंडमधे तिची म्हातारी झालेली धाकटी बहीण एलिनर त्या आठवणी सांभाळत बसलेली. त्यात शृंगार रसावर चर्चा आहे, आपला भरतमुनी लंडनच्या स्टेजवर. रेडिओवर एलिनर झाली होती पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट, तिच्या अगदी शेवटच्या दिवसांतलं काम, आणि फ्लोरा फेलिसिटी. १९९५ ला ते स्टेजवर आलं तेव्हाही फ्लोरा तीच. आणि २०२५ च्या डिसेंबरमधे हॅम्पस्टेड थिएटरने ते परत केलं तेव्हा ती एलिनर झाली, म्हणजे भारतात वारलेल्या मोठ्या बहिणीच्या मागे राहिलेली धाकटी बहीण. स्टॉपर्ड त्याच्या थोडेच दिवस आधी, नोव्हेंबर अखेरीस गेला होता. ज्या मुलीची स्वतःची मोठी बहीण १९८४ मधे गेली, जिचं सगळं लहानपण इथल्या रेल्वेच्या डब्यात गेलं, तिला ही भूमिका करताना आत काय होत असेल ते आपण उगीच कल्पून बोलायला नको. एवढंच की हे काम तिला एकोणऐंशीव्या वर्षी मिळालं.

आता तुझं. ऑफर आली ती विनोदी सिरियल आठवड्याला किती भागांची आहे हे आधी विचार. आठवड्याला एक किंवा दोन असेल, तालमीला निदान एक दिवस देत असतील, तर डोळे झाकून घे. रोजची असेल तर मुदत विचार, सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीवर सही करू नकोस, आणि महिन्यातले कुठले शनिवार-रविवार तुझ्या प्रयोगांना मोकळे ते करारात लिहून घे, तोंडी कबूल केलेलं शूट पुढे सरकलं की कुणाला आठवत नाही. आणि सेटवर रोज सकाळी मेकअपच्या खुर्चीत बसायच्या आधी वीस मिनिटं मोठ्याने काहीतरी लांब वाक्यांचं वाच, एखादं जुनं नाटक असो की ज्ञानेश्वरी, काहीही चालेल. स्पॉटदादा हसतील, हसू देत. करार आला की तारखांचं पान तेवढं फोटो काढून मला पाठव, सही करायच्या आधी.